क्षेत्र चौदाची एक्केचाळीस पत्रके

१

सोमवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. दोह्याच्या अबू हमूर भागात, एका दुमजली व्हिलात थाटलेल्या डेटा कंपनीच्या कार्यालयात ग्राहक संस्थेकडून एक ईमेल आली. मजकूर चार ओळींचा होता. क्षेत्र चौदामधल्या १८८ मतदान केंद्रांपैकी ४१ केंद्रांचे आकडे चुकीचे प्रसिद्ध झाले आहेत. छायाचित्रात एक आकडा आहे, तुमच्या फाइलमध्ये दुसरा. हे कोणी केले, त्याचे नाव दुपारी दोनपर्यंत कळवावे.

जयमालाने ती दोनदा वाचली. कंपनीत चुका शोधण्याचे काम तिचे होते, आणि ही चूक तिच्या नजरेतून निसटली होती.

आफ्रिकेतल्या एका मोठ्या संघराज्यात शनिवारी सात राज्यांच्या गव्हर्नरपदासाठी मतदान झाले होते. देशाचे नाव बाहेर घ्यायला करारात मनाई होती, त्यामुळे कार्यालयातही सगळे ‘तो देश’ एवढेच म्हणत. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांनी मते देऊन निवडलेला असतो आणि त्याच्या हातात मुख्यमंत्र्याइतकी सत्ता असते. प्रत्येक केंद्रावर मोजणी झाली की निकालपत्रक भिंतीवर लागते. तिथली एक निरीक्षक संस्था, म्हणजेच कंपनीची ग्राहक, त्या पत्रकांची छायाचित्रे दोह्याला पाठवी आणि इथली माणसे त्यावरचे आकडे टंकून फाइल तयार करत. सरकारी निकालाआधी लोकांच्या हाती एक स्वतंत्र बेरीज असावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप होता.

रविवारी संध्याकाळी प्रसिद्ध झालेल्या बेरजेत क्षेत्र चौदा ज्यात येते त्या राज्यात पत्रकाच्या सातव्या रकान्यातला उमेदवार सहा हजार मतांनी पुढे दिसत होता. या ४१ पत्रकांनी मिळून नऊ हजारांचा फरक पाडला होता. म्हणजे खरे पाहता तो तीन हजारांनी मागे होता.

व्यवस्थापक कुणालने तिला केबिनमध्ये बोलावले. मूळचा परभणीचा, पुण्यात शिकलेला, बोलायला चटपटीत माणूस.

“मॅडम, नाव शोधायची गरज नाही. मुदस्सिर.”

“इतक्यात?”

“लॉग काढलाय मी. बघा.”

कंपनीची पद्धत अशी होती की प्रत्येक पत्रक दोन माणसांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांचे न पाहता टंकायचे. दोन्ही नोंदी जुळल्या तरच आकडा फाइलमध्ये जाई. क्षेत्र चौदा मुदस्सिर आणि तेजश्री या जोडीकडे होते. त्या ४१ पत्रकांत दोघांच्या नोंदी तंतोतंत सारख्या होत्या, आणि सारख्याच चुकीच्या.

“दोन माणसं एक्केचाळीस वेळा एकच चूक करतील?” कुणाल म्हणाला. “मागच्या आठवड्यात तेजश्रीचं लॉगिन मुदस्सिरच्या मशीनवर उघडलेलं आहे. पासवर्ड त्याला माहीत आहे. दोन्ही नोंदी त्यानेच केल्या. आणि हे बघा, अकरा बत्तीस ते अकरा सत्तावन्न, दोन्हीकडे एकही नोंद नाही. तो तेव्हा नमाजाला गेला होता. तेजश्री कशाला थांबेल? माणूस एकच आहे.”

युक्तिवाद चांगला होता. जयमालाला तोच खटकला. नऊ वाजून वीस मिनिटांनी आलेल्या प्रश्नाचे इतके गुळगुळीत उत्तर नऊ चाळीसला तयार होते.

“मला सगळी मूळ पत्रकं बघावी लागतील.”

“स्क्रीनवर बघा. कागदाचा तुकडा नसतो आपल्याकडे. करारातच आहे तसं.” कुणालने टेबलावरची फाइल पुढे सरकवली. “दोन वाजता मंदूब येतोय. आरपी रद्द करायचा अर्ज भरून ठेवलाय.”

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामे पाहणारा माणूस, आणि आरपी म्हणजे निवासी परवाना. मुदस्सिरचा परवाना कंपनीच्या नावावर होता. तो रद्द झाला की देश सोडावा लागे. आणि येत्या गुरुवारी मुदस्सिरची बायको अलीजा आणि चार वर्षांची मुलगी हनिया, त्याने तीन वर्षे खटपट करून मिळवलेल्या व्हिसावर, पहिल्यांदा दोह्यात उतरणार होत्या.

“तुम्हाला हवं तर तपासा,” कुणाल म्हणाला. “पण दोनला मेल जाणार, आणि तिच्यात नाव असणार.”

२

मुदस्सिर दापोलीजवळचा. बोलताना समोरच्याकडे सरळ पाहणारा. आज तो कीबोर्डकडे पाहत होता.

“ताई, मी नाय केलं.”

“मग कोणी केलं?”

“ते मला ठाव नाय.”

“तेजश्रीचं लॉगिन तुझ्या मशीनवर कसं?”

“तिचं मशीन बंद पडलं होतं त्या दिवशी. तिनेच येऊन उघडलं. मी तेवढा वेळ पॅन्ट्रीत होतो. विचारा तिला.”

“क्षेत्र चौदा तू स्क्रीनवर बघून टंकलंस?”

त्याची नजर शेजारच्या खोलीत उघडणाऱ्या दाराकडे गेली आणि परत आली.

“होय.”

“मुदस्सिर, दोन वाजता तुझं नाव जाणार आहे.”

“ठाव हाय.” तो हसला, पण हसू अर्ध्यातच राहिले. “अलीजाची बॅग भरून झालीय, ताई. हनियाने नव्या चपला आतापासूनच पायात घातल्यात. झोपतानापण काढत नाय म्हणते. तिला मी काय सांगू?”

“मला खरं सांग, म्हणजे तिला काही सांगावं लागणार नाही.”

“मी केलं नाय, हे खरं हाय. बाकीचं माझं नाय सांगायचं.”

बाकीचं. म्हणजे बाकीचे काहीतरी होते.

तो गेल्यावर जयमाला मघाच्या त्या दारापाशी गेली. या दाराच्या एका बाजूला मुदस्सिर बसे, दुसऱ्या बाजूला तेजश्री. नियमाप्रमाणे ते कायम बंद असायला हवे होते. तिने ते उघडले आणि खाली वाकली. उंबऱ्याशी गालिच्यावर चार खोल वळ उमटले होते. चौकोनात, एकमेकांपासून हातभर अंतरावर. दोन खोल्यांच्या बरोबर मध्ये रोज कोणाची तरी खुर्ची मांडली जात होती.

३

पुढचा तासभर ती लॉग घेऊन बसली. कुणालने दाखवले होते ते खरे होते, पण सगळे नव्हते.

नमाजाच्या वेळी दोन्हीकडचे काम थांबले होते, हे बरोबर. पण सव्वादहा वाजताही दोन्हीकडे सात मिनिटे शांतता होती, आणि त्या वेळी मुदस्सिर जागेवरून हलला नव्हता. त्या सात मिनिटांत त्याने जागेवरून दोन अंतर्गत मेलना उत्तरे दिली होती. मग कोण उठले होते?

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक होती. प्रत्येक पत्रकात बारा रकाने. मुदस्सिरची नोंद पूर्ण झाली की दोन सेकंदांत, फार तर तीन, तेजश्रीची पूर्ण होई. १८८ पत्रकांत हे अंतर कुठेही वाढले नव्हते.

तिने तेजश्रीला बोलावले. सव्वीस वर्षांची नाशिकची मुलगी. आत येतानाच तिचे डोळे लाल होते.

“तू नमाजाला जातेस का गं?”

“मॅडम?”

“अकरा बत्तीसला मुदस्सिर गेला आणि तूही थांबलीस. पंचवीस मिनिटं.”

“चहा घ्यायला गेले असेन.”

“आणि सव्वादहाला? तेव्हाही चहा? तेव्हा मुदस्सिरही थांबलाय.”

जयमालाने लॉग तिच्यापुढे सरकवला.

“हे बघ. कुणाल सर म्हणतात दोन्ही नोंदी एकाच माणसाने केल्या. पण दोन सेकंदांत बारा रकाने भरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणजे हातांच्या जोड्या दोन होत्या. तरी तुम्ही थांबता एकदम, सुरू होता एकदम. दोघांना एकच आवाज ऐकू येत असेल तरच असं होतं. कोणीतरी मध्ये बसून वाचत होतं आणि तुम्ही दोघं टंकत होतात. कोण?”

“मॅडम, आम्ही चुकीचं काही टंकलं नाही. शप्पथ.”

“ते मला कळलंय. कोण वाचत होतं?”

“खलास,” तेजश्री स्वतःशीच पुटपुटली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, “कुणाल सरांचे बाबा.”

४

श्यामराव. वय त्रेसष्ट. परभणी जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयात अडतीस वर्षे नोकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कुणालने आईवडिलांना सहा महिन्यांपूर्वी दोह्याला आणले. घरात कंटाळतात म्हणून तो वडिलांना सोबत कार्यालयात आणी. ते पॅन्ट्रीत बसून वर्तमानपत्र वाचतात, असाच जयमालाचा समज होता.

“पहिल्यांदा ते नुसते मागे येऊन उभे राहिले,” तेजश्री सांगू लागली. “फोटो वाकडे, अंधारे, अक्षर तर विचारूच नका. मला एके ठिकाणी सात वाटला. ते म्हणाले, अगं, हा एक आहे, टोपी घातलेला. आणि खरंच एक होता. मग म्हणाले, आमच्या मोजणीत एकजण पुकारायचा, दोघं लिहायचे, असंच करू या. तेव्हापासून आमची जोडी सगळ्यात पुढे.”

“दोन नोंदी कशासाठी असतात ते माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे, मॅडम. म्हणून तर बोललो नाही आम्ही. आणि आजोबा इथे फॅमिली व्हिसावर आहेत. त्यांना काम करायची परवानगी नाही. त्यांचं नाव घेतलं तर ते अडकणार, सर अडकणार. मुदस्सिर म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला नाय अडकवायचं.”

“त्यांनी पुकारलं एक आणि तुम्ही ऐकलं दुसरं, असं?”

“शक्यच नाही. ते एकेक अंक सुटा वाचतात. शेवटी एकूण मतं वाचतात, आणि मी बेरीज जुळवून बघते. काल एकदाही चुकली नाही.”

जयमालाने ते लिहून घेतले. ४१ पत्रकांत तिसऱ्या रकान्यातून जेवढी मते गेली, तेवढीच सातव्यात आली होती, आणि एकूण बेरीज शाबूत होती. श्यामरावांनी मनाने आकडे रचून पुकारले असते, तर त्यांना दर पत्रकाला तोंडी वजाबाकी आणि बेरीज करावी लागली असती. अशा माणसाचा आवाज अडखळतो. पण लॉगमध्ये त्या ४१ पत्रकांना इतरांपेक्षा एक सेकंदही जास्त लागला नव्हता. म्हणजे पुकारणारा रचत नव्हता. जे समोर होते तेच वाचत होता.

“स्क्रीनवरचं छायाचित्र तर बरोबर आहे. मग ते वाचत कशावरून होते?”

“कागदावरून. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन सोसत नाही. सुशांत प्रिंट काढून देतो.”

कागदाचा तुकडा नसतो आपल्याकडे, असे कुणाल म्हणाला होता.

“ते प्रिंट आता कुठे आहेत?”

“काम झालं की श्रेडरमध्ये घालायचे असतात. सुशांतला वाटतं, आजोबा घालतात.”

“आणि?”

“ते घरी नेतात, मॅडम. मागची बाजू कोरी असते ना.”

घड्याळात बारा वाजून आठ मिनिटे झाली होती. जयमालाने गाडीची किल्ली उचलली.

५

कुणाल राहत होता त्या द पर्ल बेटावर पोचायला अर्धा तास गेला. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे दार पुष्पावतीबाईंनी उघडले. कुणालची आई.

“कुणालच्या हापिसातली ना तू? ये. तो नाही घरी.”

“काकांना भेटायचं होतं.”

श्यामराव खिडकीशी बसले होते. खाली बोटी ओळीने बांधलेल्या. “बसा, बाई. ह्या बेटावर मानूस दिसत नाही, नुसत्या बोटी. काय म्हनतो तुमचा तो देश? आमच्याकडं राज्यपाल वरून येतो, ह्यांच्याकडं खालून. निवडून दिला कुणाला?”

“तेच कळेना झालंय, काका. आज तुम्ही आला नाहीत?”

“काल जेवताना कुणाल म्हनला, उद्या येऊ नका, बाबा. म्हनलं ठीक.”

काल जेवताना. ईमेल आज सकाळी आली होती. जयमालाने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

“कालची पत्रकं तुम्ही घरी आणलीत?”

श्यामरावांनी शाळेतल्या पोरासारखे बायकोकडे पाहिले. पुष्पावतीबाई पुढे झाल्या.

“त्यांना काही म्हनू नको. मीच मागवते. पाठकोरे कागद हायेत, त्यात काय एवढं? सव्वा लाख रामनाम लिहायचा संकल्प हाय माझा. तिकडं ढिगानं कागद फाडायचे आन् हितं कोऱ्या वह्या विकत आनायच्या, हे मला नाही पटत.”

“मला दाखवाल?”

बाईंनी कपाटातून प्लॅस्टिकचा डबा काढला. आत दोन गठ्ठे होते, एक मोठा, एक लहान.

“हे दोन का?”

“हे कागद चांगले निघाले.” बाईंनी लहान गठ्ठ्यावर हात फिरवला. “बाकीचे पातळ असतात, शाई पलीकडं उमटते. हे जाड, गुळगुळीत. कालच्या ढिगात मधे मधे होते. निवडून काढले. नऊ लिहून झाले.”

जयमालाने वरचा कागद हातात घेतला. बोटांनाच फरक कळत होता. कागदाच्या एका बाजूला बारीक, सरळ ओळींत रामनाम, दुसऱ्या बाजूला निकालपत्रकाचे छायाचित्र. तिने फोनवर त्याच केंद्राचे मूळ छायाचित्र उघडले. मुळात तिसऱ्या रकान्यात २१२ आणि सातव्यात ६१ होते. हातातल्या कागदावर ९८ आणि १७५. दोन्हीकडे बेरीज २७३.

तिने दुसरा कागद घेतला. तिसरा. मग लिहिलेले आणि कोरे वेगळे करून मोजले. नऊ आणि बत्तीस. जाड कागद बरोबर एक्केचाळीस होते. मोठ्या गठ्ठ्यातल्या पातळ कागदांवर एकही आकडा बदललेला नव्हता.

“हे मला न्यावे लागतील, काकू.”

“कोरे ने. नाव लिहिलेले मिळायचे नाहीत. कुनाच्या तरी टेबलावर पडतील, वर कपबशी ठेवतील.”

“काकू, एका माणसाची नोकरी आहे यात.”

“म्हनून तर फोटो काढ म्हनते. दोन्ही बाजूंचे काढ. पन कागद हितंच राहील.”

जयमालाने नऊ कागदांचे फोटो काढले, बत्तीस कागद पिशवीत घातले. आता एकच प्रश्न उरला होता.

६

“काका, कालचा गठ्ठा तुमच्या हातात कोणी दिला?”

“रोज खुर्चीवर असतो. सुशांत ठेवतो.”

“आणि काल?”

श्यामरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

पुष्पावतीबाई डब्याचे झाकण लावत म्हणाल्या, “काल तर कुणालनंच दिला की गाडीत बसताना. सकाळी लवकर हापिसात जाऊन आला तो. मी म्हनलंसुद्दा, आज बाबांना घरूनच काम...”

नवरा आपल्याकडे पाहतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. झाकण अर्धेच लागले.

“पुष्पा, चहा ठेव,” श्यामराव म्हणाले.

त्या आत गेल्या. बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.

“बाई, अडतीस वर्षांत मी पुकारलेल्या आकड्यावर कुनी बोट ठेवलं नाही. काल मी जे पुकारलं ते कागदावर होतं. एवढं मी लिहून देतो.”

“आणि कागद कोणी दिला, ते?”

श्यामरावांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनीच विचारले, “त्या मुदस्सिरची बायको गुरुवारी येनार हाय ना?”

“हो. दोन वाजता मंदूब त्याचे कागद घेऊन जाणार आहे.”

श्यामराव खिडकीबाहेर पाहत राहिले. एक वाजून पाच मिनिटांनी जयमाला निघाली. चहा झालाच नाही.

गाडीतून तिने सुशांतला फोन लावला. कार्यालयातली यंत्रे तोच सांभाळत असे.

“मॅडम, मी सांगणारच होतो...”

“सांगणार होतास तेव्हा सांगितलं नाहीस. आता सांग. काल किती पानं छापलीस?”

“एकशे अठ्ठ्याऐंशी. सकाळी सव्वासहाला. प्रिंटरचा काउंटर दाखवतो हवं तर.”

“कागद कोणता?”

“नेहमीचा. पातळ. जाड कागद आपल्याकडे येतच नाही.”

“मग गठ्ठा कुठे ठेवलास?”

“ठेवला नाही. साडेसहाला कुणाल सर स्वतः आले, घेऊन गेले. म्हणाले, बाबांना मीच देतो.”

म्हणजे सगळी पाने आधी पातळ कागदावर छापली गेली. नंतर कोणीतरी त्यांतली ४१ काढून, दुसरीकडे छापलेली, आकडे बदललेली पाने त्यांच्या जागी घातली. हे करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक हवी होती. श्यामराव कागदावरून पुकारतात आणि दोन नोंदींची पडताळणी नुसती नावाला उरली आहे. ती माहिती कार्यालयात पाच जणांना होती. मुदस्सिर आणि तेजश्री हे करणार नाहीत, कारण लॉगमध्ये नावे त्यांचीच उमटणार. श्यामरावांनी केले असते तर पुरावा बायकोला रामनाम लिहायला दिला नसता. उरले दोन. छापणारा आणि नेणारा.

आणि सुशांत खरे बोलत होता, याला पुरावा फक्त सुशांतचा शब्द होता.

७

एक वाजून अडतीस मिनिटे. मंदूब बाहेरच्या सोफ्यावर फाइल मांडीवर घेऊन बसला होता. जयमालाने कुणालच्या टेबलावर एक जाड कागद ठेवला, आकड्यांची बाजू वर करून.

कुणालने कागदाकडे पाहिले. “हे कुठे मिळालं?”

हे काय आहे, असे त्याने विचारले नाही.

“तुमच्या घरी. एक्केचाळीस आहेत.”

त्याने उठून केबिनचे दार लावले. “मॅडम, बाबांना यात ओढू नका.”

“मी मुदस्सिरला यातून बाहेर काढतेय.”

“सुशांतने जे दिलं ते मी बाबांना दिलं. मोजलंसुद्धा नाही.”

“मग सकाळी, कागदाचा तुकडा नसतो, असं का म्हणालात?”

“काय म्हणायचं होतं? माझा बाप परवान्याशिवाय इथे काम करतो, असं? तुमच्या वडिलांचं नाव असतं तर तुम्ही सांगितलं असतं?”

“आणि आज येऊ नका, हे त्यांना कालच सांगितलंत. मेल यायच्या आधी.”

“कामगार खात्याची तपासणी येणार अशी कुणकुण होती.”

“आली?”

“अजून नाही.”

प्रत्येक उत्तर बसत होते. खोटे असते तरी असेच बसले असते.

“तुमच्याकडे बाबांची सही आहे?” कुणालने विचारले. “गठ्ठा मी दिला, असं त्यांनी लिहून दिलंय? नाही ना. मग रेकॉर्ड म्हणजे लॉग, आणि लॉगमध्ये मुदस्सिर आहे.”

“कुणाल, तो तुमच्या वडिलांना वाचवायला गप्प बसलाय. हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

कुणालने टेबलावरचा कागद उलटा केला.

मंदूबने दार किलकिले केले. “यल्ला, चलें?”

“अजून नाही,” जयमाला म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली. गुणवत्तेचा अहवाल थेट ग्राहकाला पाठवायचा अधिकार तिला करारानेच होता. एक वाजून चोपन्न मिनिटांनी तो गेला. त्यात तिने लिहिले की नोंदी करणारे दोघे नियम मोडल्याबद्दल दोषी आहेत, आकडे बदलल्याबद्दल नाहीत, आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत. बदललेली पाने बाहेरून आणून गठ्ठ्यात घातली गेली. गठ्ठा छापल्यापासून वाचेपर्यंत दोन माणसांच्या हातांतून गेला. दोघांची नावे तिने लिहिली. त्यांपैकी कोण, हे अद्याप निश्चित नाही, असेही लिहिले.

स्वतःबद्दलही एक ओळ होती. बंद असायला हवे ते दार उघडे आहे, हे मी सहा महिने पाहिले नाही.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आले. तर्क मान्य. मात्र वाचणाऱ्याचा सही केलेला जबाब हवा, आणि गठ्ठा कोणी दिला ते त्यात असायला हवे. मुदत बुधवार, दुपारी बारा. तो मिळाला नाही तर लॉग हाच पुरावा धरला जाईल. तोवर मुदस्सिरने कामावर येऊ नये. परवान्याचा अर्ज थांबवावा.

मंदूब फाइल घेऊन निघून गेला. अर्ज फाइलमध्येच होता.

८

मंगळवारी फाइल दुरुस्त झाली. तिसऱ्या रकान्यातला उमेदवार तीन हजार मतांनी पुढे दिसू लागला. त्या देशाच्या निवडणूक आयोगाने त्या राज्याचा निकाल अजून जाहीर केलेला नव्हता. जाड कागद कुठे छापले गेले, ते कळले नाही. कोणाच्या सांगण्यावरून, तेही नाही. कुणाल कामावर आला. सुशांतही आला. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

संध्याकाळी जयमालाच्या फोनवर श्यामरावांच्या जबाबाचा फोटो आला. दोन पाने, वळणदार अक्षर, डावीकडे समास. कोणत्या दिवशी किती पत्रके पुकारली, कोणत्या वेळी रक्तदाबाची गोळी घ्यायला सात मिनिटे उठलो, मुदस्सिर आणि तेजश्री यांनी पुकारल्याप्रमाणेच लिहिले, सगळे क्रमवार. शेवटच्या परिच्छेदात ‘सदर गठ्ठा मला’ एवढे लिहून पुढे दोन ओळींची जागा सोडलेली. खाली सही नव्हती.

तिने फोन केला. तो पुष्पावतीबाईंनी उचलला.

“लिहिलं त्यांनी. मग पेन ठेवलं. कालपासून नीट जेवले नाहीत.”

“आणि कुणाल?”

“आला होता त्यांच्या खोलीत. दार लावून बसले दोघं. काय बोलले, मला नाही सांगितलं.” मग त्या म्हणाल्या, “बाई, तू त्यांना फोन करू नको. त्यांचं त्यांना ठरवू दे.”

जयमालाने फोन केला नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊपर्यंत काही आले नाही. तेजश्री तीनदा येऊन दारातून पाहून गेली. पावणेदहाला मुदस्सिरचा फोन आला. तो इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या खोलीवर होता. मागे कोणीतरी हिंदीत भांडत होते.

“ताई, जबाब आला?”

“अर्धा आलाय.”

“अर्धा म्हणजे?”

“तुझ्याबद्दलचं सगळं आहे. सही नाही.”

“दहा वाजेपर्यंत तिकिटं रद्द करता येतात, ताई. त्यानंतर नाय. अलीजा विचारते, निघू की नको. दापोलीसून मुंबईला आजच निघायला हवं तिला. मी काय सांगू?”

जयमालाने समोरच्या फोटोकडे पाहिले. ‘सदर गठ्ठा मला’ आणि पुढे कोरी जागा. त्या जागेत एका माणसाला आपल्या मुलाचे नाव लिहायचे होते. तो लिहील असे मानायला तिच्याकडे काहीही पुरावा नव्हता.

“निघू दे तिला,” ती म्हणाली.

“नक्की?”

“निघू दे.”

तिने हे सांगितले तेव्हा दहाला नऊ मिनिटे कमी होती. जबाबावर सही झालेली नव्हती.